मालकाचं मत

आधीच सांगतो, मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि घरात पुस्तकं म्हणाल तर माझीच, तीही अभ्यासाची. तेव्हा हा मुलगा ललित वगैरे लिहिण्याचा आव आणतोय असं वाटलं तर माफ करा. माफी मागण्याचं आणखी एक कारण आहे. आयुष्यात एकदाच मी असं काही लिहिलं, जे अनोळखी माणसांनी वाचलं आणि एकाने त्यावर विश्वास ठेवला. चांगलं लिहिलंय असं तेव्हा सगळे म्हणाले होते. त्याबद्दलच सांगायचं आहे. जमेल तसं सांगतो.

पुन्हा परीक्षा आल्या आहेत. ग्रंथालयातला पंखा त्याच आवाजात फिरतोय, पाण्याच्या टाकीचा नळ हाताला चटका देतोय, आणि बाहेर डंपरांनी उडवलेली लाल धूळ अशोकाच्या पानांवर बसून ती पानं पत्र्यातून कापल्यासारखी दिसतायत. चैत्र आला की मला एक वास येतो. तो इथे नसतो, तरी येतो. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचं दार उघडल्यावर तोंडावर येतो तो वास: तापलेलं रेक्झिन, विरलेला कापूर, डॅशबोर्डला चोळलेलं पॉलिश, आणि या सगळ्याच्या खाली, ज्या घरात ती गाडी इतकी वर्षं राहिली त्या घराचा वास. नोट्स वाचता वाचता तो येतो आणि मी उगाच मागे वळून बघतो.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी नवीन पनवेलच्या कडेला एका जुन्या गाड्यांच्या यार्डात काम करत होतो. पत्र्याची लांब शेड, खाली वीसेक गाड्या, एका कोपऱ्यात टेबल आणि माठ. यार्डाच्या मालकाला सगळे शेठ म्हणायचे. शेठ आमच्याच बाजूचे, शिरढोणच्या पलीकडच्या गावचे. त्यांनी एक पद्धत पाडली होती. यार्डातल्या प्रत्येक गाडीच्या काचेला आतून एक कागद लावलेला असायचा आणि त्यावर मथळा असायचा, ‘मालकाचं मत’. ज्याने ती गाडी वापरली त्याच्याकडे जायचं, त्याला विचारायचं, आणि तो जे सांगेल ते चांगल्या अक्षरात लिहून आणायचं. माझं अक्षर बरं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

“नव्या गाडीला माहितीपत्रक असतं,” शेठ म्हणाले, “जुन्या गाडीला माणूस असतो. त्या माणसाला बोलतं कर. मी सांगितलेलं गिऱ्हाईक ऐकत नाय, मी तर विकणारच ना!”

मला गाडीतलं काही कळत नव्हतं. वऱ्हाडाच्या टेम्पोशिवाय मी फारसा कशात बसलोही नव्हतो. म्हणून मोबाइलवर लोकांनी आपापल्या गाड्यांबद्दल लिहिलेली मतं वाचायला लागलो. कामगिरी, आराम, मायलेज, देखभालीचा खर्च, किमतीच्या मानाने मोल. प्रत्येकापुढे चांदण्या. अभ्यास सोडून मी तीच वाचत बसायचो. एकाने मायलेजबद्दल लिहिता लिहिता मध्येच लिहिलं होतं की वडील आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसले आणि घर येईपर्यंत पट्टा धरून होते. दुसऱ्या एकाने सगळीकडे पाच चांदण्या देऊन शेवटी लिहिलं होतं, पण चढावर एसी बंद करावा लागतो. त्या ‘पण’नंतरचं वाक्य हेच खरं मत असतं हे मला आज कळतं. तेव्हा मला चांदण्यांचीच भाषा आवडली होती. स्वच्छ, शिकलेल्या माणसांची. मलाही तसंच लिहायचं होतं.

चंदेरी रंगाची एक सेडान आली होती. फार महाग नाही, फार मोठी नाही, सात-आठ वर्षं वापरलेली. तिचे मालक हसुराम पाटील, बेलपाड्याचे. मी त्यांना हसुकाका म्हणू लागलो. त्यांचं घर चारी बाजूंनी उंच इमारतींनी असं वेढलेलं की दुपारी बाराला अंगणात ऊन यायचं आणि दोनला निघून जायचं. ओट्यावर सुके बोंबील वाळत घातले होते. काकांनी मला पाणी दिलं, मग कोकम सरबत दिलं आणि समोर बसले.

“तू शिकतंस ना? मंग नीट लिव.”

आमच्याकडे गाडीला गारीच म्हणतात. माझ्याही तोंडी घरी तेच येतं. कॉलेजच्या फाटकात शिरताना मी ते गाडी करून घेतो.

“काका, सेडानच का घेतलीत?”

“डिकी नसलेली गारी म्हंजे शेपूट नसलेला बैल. बरा दिसत नाय.”

“चालायला कशी आहे?”

“इंजिन एकदम ताकदीचा. चार मानसं, डिकीत तांदलाची दोन पोती, तरी घाटात नाक मुरडत नाय. दुसऱ्या गेरला जरा दम धरायचा, बस.”

“आणि मायलेज?”

“गारी कमी पिते.”

“ती कमी पिते, हेच जास्त पितात,” आतून काकी ओरडल्या. “ते पन लिव!”

काका हसले. मी लिहिलं, मायलेज समाधानकारक.

मग मी शेवटचा प्रश्न विचारला. पैसा वसूल झाला का? बोंबलावर कावळा येऊन बसला तरी काका हाकलायला उठले नाहीत.

“माझी आय शेवटची घरी आली ती याच गारीतून,” ते म्हणाले. “दवाखान्यातून. मागच्या सीटवर झोपवून आनली. रस्त्यातच गेली. मना कललं नाय. मी आपला बोलतोय तिच्याशी, आये आता कामोठा आला, आये आता खारघर आला. आता आरशात बघतो तं ती दिसते. बसलेली. म्हनून विकतो. नायतर गारी विकायची नव्हती मना.”

मी मान खाली घातली आणि लिहिलं, फक्त कौटुंबिक वापर.

निघताना ते फाटकापर्यंत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “येक खोड हाय तिला. ती पन लिव. गारी खोल पान्यातून काढली का पयले दोन ब्रेक ती आयकत नाय. तिसऱ्याला आयकते. म्हनून पान्यातून भायेर आला का दोन वेला हलकेच दाबून घ्यायचा. मंग ती आपली. लिवशील ना?”

“हो काका.”

रात्री घरी बसून मी पक्की प्रत केली. आजही मला ते पान पाठ आहे. ‘गाडीची कामगिरी उत्तम असून शहरात व महामार्गावर समाधानकारक मायलेज मिळते. आसनव्यवस्था प्रशस्त. देखभालीचा खर्च अल्प. फक्त कौटुंबिक वापर. किमतीच्या मानाने अत्यंत मूल्यवान.’ मग ते ब्रेकचं वाक्य आलं. ते मी चार वेळा लिहून पाहिलं. ब्रेक ऐकत नाहीत हे कागदावर फारच गावठी दिसत होतं. शुद्ध करायला गेलो तर ते माझ्या कुठल्याच मथळ्याखाली बसेना. कामगिरीत टाकावं तर वरचं ‘उत्तम’ खोटं पडत होतं. सकाळी पेपर होता. मी ते वाक्य गाळलं. मला कुणी गाळायला सांगितलं नव्हतं. शेठने सांगितलं असतं तर आज दोष देता आला असता.

माझी आई मार्केटमध्ये भाजी विकते. दुसऱ्या दिवशी रिकामी टोपली घेऊन ती यार्डाशी आली आणि त्या गाडीसमोर उभी राहिली. तिला वाचता येत नाही. काचेवरून तिने ओळींवर बोट फिरवलं. “एवरा सगला तू लिवलास?” तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिच्या बोटाचा घाम काचेवर राहिला तो मी नंतर पुसला.

सबनीस सर आले ते त्याच आठवड्यात. निवृत्त शिक्षक, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. नवीन पनवेलचा फ्लॅट मुलाला देऊन ते आणि त्यांची बायको, सबनीस काकू, दापोलीच्या आतल्या बाजूला आपल्या गावी राहायला जाणार होते, कायमचे. गावापर्यंत एसटी दिवसातून दोनदाच. काकूंना सांधेदुखी. म्हणून गाडी. सरांनी यार्डातले सगळे कागद हात मागे बांधून, परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक फिरतो तसे, एकेक करून वाचले. चंदेरी गाडीशी थांबले. पुन्हा वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

मी पुढे झालो.

“मूल्यवान नको, मोलाची लिही. मूल्यवान हिरे असतात,” ते म्हणाले. “बाकी फार चांगलं लिहिलंस. कुठे शिकतोस? घरी कोण कोण शिकलेलं आहे?”

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे कान गरम झाले. आजवर कुठल्याच शिक्षकाने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. काकू मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “झालं. आता गाडी घेतलीच म्हणायची. अहो, गाडी घ्यायचीय, मुलगा दत्तक नाही!”

सरांनी गाडी चालवून पाहिली. मी मागे बसलो होतो. कडक उन्हाळा, कोरडा ठणठणीत रस्ता. गाडी लोण्यासारखी चालली आणि प्रत्येक सिग्नलला जागच्या जागी थांबली. परत आल्यावर सरांनी इंजिन बंद केलं आणि आरशातून माझ्याकडे बघून विचारलं,

“आता खरं सांग. काही खोड? माणसाला असते तशी प्रत्येक गाडीला एखादी असतेच. आधीचे मालक काही म्हणाले का?”

मला आठवत होतं. विसरलो होतो असं इथे लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवाल, पण मला आठवत होतं. ते सांगितलं तर कागद अपुरा आहे हे सांगावं लागलं असतं. आणि कागद चांगला लिहिलाय असं त्यांनी अर्ध्या तासापूर्वीच म्हटलं होतं.

“नाही सर,” मी म्हणालो.

“मग ठीक. मी गाडी बघून नाही, हे वाचून घेतोय बरं का,” ते काकूंना म्हणाले आणि हसले.

तो चैत्र मला असाच तुकड्यातुकड्यांनी आठवतो. पेपर लिहून आल्यावर शेडमधली सावली. माठातल्या पाण्याला येणारा मातीचा वास. गाडी फाटकातून बाहेर पडताना काकूंनी काच खाली करून मला दिलेली बर्फी. सर हात हलवत नव्हते. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नवशिक्यासारखे, दहा वाजून दहा मिनिटांवर.

आषाढ सुरू झाला तेव्हा पनवेलच्या भुयारी रस्त्यात गुडघाभर पाणी साचलं होतं. मी वर कठड्याला टेकून उभा होतो. एक चंदेरी गाडी पाणी कापत आली, चढ चढून वर आली, आणि पुढच्या रिक्षाच्या अगदी जवळ जाऊन थांबली. तिच्यात दुसरंच कुणी होतं. गाडीही दुसरीच होती. तरी ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिचा नंबर पुन्हा पुन्हा वाचला. त्या दिवसापासून हे सुरू झालं.

या गाड्या किती आहेत याची मला कल्पना नव्हती. परवडते म्हणून घेणारे किती लोक! शिरढोण फाट्याला बसची वाट बघत उभं राहिलं की दहा मिनिटांत चार-पाच जातात. मी प्रत्येकीचा नंबर बघतो, मग आत बघतो. पावसात ओल्या काचेमागे सगळे चालक पांढऱ्या शर्टातले वाटतात. कधी मागच्या सीटवर एखादी म्हातारी बाई बसलेली असते आणि मला हसुकाकांची आई आठवते, जिला मी पाहिलेलंच नाही. तिलाही मी तीन शब्दांत बसवलं होतं.

सरांचा नंबर पावतीवर होता. पहिल्यांदा लावला तेव्हा ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर होते. दुसऱ्यांदा बेल वाजली. मीच कट केला. तिसऱ्यांदाही बेल वाजली, सरांचा “हॅलो” ऐकू आला, मागे पावसाचा आवाज होता, आणि मी पुन्हा कट केला. काय म्हणणार होतो मी? सर, एक ओळ राहिली? नंतर श्रावण संपता संपता धीर करून लावला तर तो नंबर बंद झाला होता. तो आजपर्यंत बंद आहे.

बेलपाड्याला गेलो होतो एकदा. हसुकाका ओट्यावर जाळं विणत बसले होते. सासरी दिलेल्या मुलीची चौकशी करावी तशी त्यांनी गाडीची केली. “बरी हाय ना ती? कोन नेली? मास्तर? मंग नीट वापरील. पान्याचं लिवलंस ना?”

“लिहिलं, काका.”

“मना खात्री होती,” ते म्हणाले. “शिकलेल्या मानसाला सांगितलेला वाया जात नाय.”

दिवाळीनंतर मी शेठना सगळं सांगून टाकलं. ते रागावतील, काढून टाकतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. “अरे बाळा, तेव्हा बोलला असतास तर चारही चाकं खोलून बघितली असती मी. दोन तासांचं काम. मला गाडी विकायची होती, माणूस नाय.” मग जरा वेळाने म्हणाले, “नसेल झालं काही. होतं असं, लागते सवय चालवणाऱ्याला.” पण त्यांनी त्या संध्याकाळी यार्डातले सगळे कागद काढले आणि मालकांना पुन्हा फोन लावत बसले. मी त्यानंतर ते काम सोडलं. मत लिहायला बसलो की हात थांबायचा. परीक्षेतही थांबतो. ‘आपले मत सोदाहरण स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की मी तो पर्यायाला टाकतो.

सरांच्या जुन्या इमारतीत मात्र जात राहिलो. मुलाने फ्लॅट भाड्याने दिला होता, भाडेकरूंना काही माहीत नव्हतं. खाली वॉचमन होता, त्याला माझा नंबर देऊन ठेवला. दर दोन-तीन महिन्यांनी जायचो. तो मला लांबून बघूनच मान हलवायचा. “नाय आले रे. तुझे कोण लागतात?” मी म्हणायचो, सर. शिकवलंय का त्यांनी तुला, असं त्याने विचारलं तेव्हा मी त्याला पुन्हा एकदा माझा नंबर दिला.

मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की ती दोघं बरी आहेत. रात्री डोळे मिटले की एक रस्ता दिसायचा, मी कधी न गेलेला, दोन्हीकडे चिऱ्याचे बांध, मध्ये वाहतं पाणी. गाडी पाण्यातून बाहेर येते. पुढे काय होतं ते दिसायचं नाही. ते दिसावं म्हणून मी डोळे घट्ट मिटून पडायचो.

काल दुपारी ग्रंथालयात बसलो असताना फोन आला. अनोळखी नंबर. मी व्हरांड्यात आलो. फरशी इतकी तापली होती की चपलेतून जाणवत होती.

“तू तो गाड्यांच्या यार्डातला मुलगा ना? मी सबनीस काकू. डोळ्याच्या ऑपरेशनला पनवेलला आले होते, जुन्या इमारतीत डोकावले, तर वॉचमन म्हणाला एक मुलगा सारखा तुमची चौकशी करतो. काय रे, कागदपत्र काही राहिलं होतं का?”

“नाही काकू. तुम्ही... सर कसे आहेत?”

“आहेत बरे. गाडी मात्र घालवली आम्ही. तुला कळलं नसेल. त्याच वर्षी श्रावणात. ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं, त्यातून निघालो आणि पुढे उतार आमच्या घराचा. समोर शेजाऱ्याचं वासरू. ह्यांनी बांधावर घातली. वासरू वाचलं बाई. माझं मनगट मोडलं, जुळलं नंतर, जरा वाकडं राहिलं एवढंच. पोळ्या लाटता येतात.”

मी भिंतीला हात लावला. “आणि सर?”

“त्यांना खरचटलंसुद्धा नाही. पण त्यांनी धरून ठेवलंय रे मनात. पहिले दोन दिवस म्हणत होते, मी ब्रेक दाबला होता, दोनदा दाबला होता. मग मेकॅनिकने बघितलं तर ब्रेक व्यवस्थित. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हाला वाटलं असेल दाबला, वय झालं आता. ह्यांनी लगेच गाडी विकून टाकायला लावली. तेव्हापासून साधी सायकलपण घेत नाहीत. गॅस बंद केला तरी तीनतीनदा जाऊन बघतात. गावातली मुलं शिकवणीला यायची, तीही बंद केली, म्हणाले माझ्या हातून चुकीचं काहीतरी शिकवलं जाईल.”

पलीकडे काकूंनी कुणाला तरी हळू आवाजात, आले, आले, असं सांगितलं.

“आम्ही कुणी त्यांना बोललो नाही हो त्यावरून कधी,” त्या पुन्हा फोनवर येऊन म्हणाल्या. “पण आता ते स्वतःच सगळ्यांना सांगत असतात, की माझा पाय ब्रेकवर पडलाच नव्हता.”